बाबा, त्या दिवशी आपण गाडीत बसायचं नाही

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

परवा फोनवर २०२७ च्या सूर्यग्रहणासाठी स्पेनला जायचं निघालं, तेव्हा बाबा म्हणाले, "आदल्या रात्री गाडीने निघू, सकाळी पोचू, ग्रहण बघू आणि संध्याकाळी माघारी." मी तेव्हा हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोनवर असं काही बोलायला गेलं की दोन वाक्यांत "बघू गं" होतं आणि विषय तिथेच राहतो. हे तसं राहायला नको, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आधी तारेगणाची आठवण काढते. २२ जुलै २००९. पाटण्याहून जेमतेम तीसेक किलोमीटरचं अंतर, पण रात्रभर त्या रस्त्यावर माणसंच माणसं होती. पहाटे आपण तिघं त्या गर्दीत उभे होतो आणि वर ढगांचं झाकण. साडेसहाच्या जरा आधी अंधार पडला, पक्षी गप्प झाले, कुणीतरी मोबाइलचा उजेड लावला. सूर्य काही दिसला नाही. आजूबाजूचे लोक ओरडत होते, हळहळत होते, आणि बाबा मात्र मान वर करून तसेच उभे होते. कागदी चष्मा हातात, डोळे ढगांवर. उजाडल्यावरसुद्धा मान खाली आली नाही. या शतकातलं सगळ्यात लांब खग्रास ग्रहण आपल्या डोक्यावरून गेलं आणि आपण त्याची फक्त सावली घेऊन परतलो. बाबांनी नंतर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मी मात्र ते विसरले नाही.

आता ऐका. तेच ग्रहण परत येतं आहे. बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाही, खरंच तेच. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची तीच मांडणी अठरा वर्षं, अकरा दिवस आणि सुमारे आठ तासांनी पुन्हा जुळते. या चक्राला सारोस म्हणतात. २२ जुलै २००९ मध्ये अठरा वर्षं अकरा दिवस मिळवा, २ ऑगस्ट २०२७ येतो. वरच्या आठ तासांत पृथ्वी स्वतःभोवती एक तृतीयांश फिरून गेलेली असते, म्हणून सावली तेवढी पश्चिमेला सरकते. या वेळी ती दक्षिण स्पेनवरून, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि लिबियावरून इजिप्तमध्ये येते आणि पुढे तांबडा समुद्र ओलांडून सौदी अरेबियाकडे जाते. सगळ्यात जास्त वेळ अंधार इजिप्तमध्ये लक्सरच्या जवळ, सहा मिनिटं तेवीस सेकंद. तारेगणाला आपल्या वाट्याला चार मिनिटंसुद्धा नव्हती.

एवढं वाचून बाबा बॅग भरायला उठतील, म्हणून मुद्द्याचं आत्ताच सांगते. ग्रहणाच्या दिवशी आपण प्रवास करायचा नाही. जायचा नाही आणि यायचाही नाही.

हे मी अंगावर घेऊन शिकले आहे. ८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणाला मी अमेरिकेत उत्तर व्हरमाँटला गेले होते, ते तुम्हाला ठाऊक आहे. सव्वातीन मिनिटं मी तो काळा सूर्य पाहिला, तेही ठाऊक आहे, कारण रडत रडत फोन केला होता. परतीचं मात्र मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. उगाच काळजी नको म्हणून.

जाताना रस्ता मोकळा होता. लोक शुक्रवारपासून पांगून पांगून येत होते, कुणी तीन दिवस आधी, कुणी त्याच सकाळी. दुपारी साडेतीनच्या सुमारास खग्रास संपलं, आणि शेतात बर्फावर खुर्च्या टाकून बसलेल्या माणसांनी पाच-दहा मिनिटांत खुर्च्या घड्या करून गाड्या सुरू केल्या. खंडग्रास अजून तासभर चालणार होतं, पण वर बघायला कुणी थांबलं नाही. तीन दिवसांत आलेली गर्दी एका तासात रस्त्यावर उतरली. दक्षिणेकडे माझ्या वाटेवरचा मोठा महामार्ग आय-९३, आणि तो फ्रँकोनिया नॉच नावाच्या खिंडीत शिरला की जायला एक पदर, यायला एक पदर. सगळं तिथे तुंबलं. साडेतीन तासांच्या वाटेला मला अकरा तास लागले.

फोनवरचा नकाशा दर थोड्या वेळाने नवी वाट दाखवत होता. एकदा मी ऐकलं. एप्रिलमध्ये तिथे बर्फ वितळून कच्चे रस्ते चिखलाने भरलेले असतात, हे मला माहीत नव्हतं. अर्ध्या किलोमीटरवर पुढची चाकं फिरायला लागली आणि गाडी जागची हलेना. माझ्यामागे आणखी चार गाड्या त्याच नकाशाचं ऐकून आल्या होत्या, त्यांतल्या मुलांनी ढकलून मला बाहेर काढलं. तोवर नेटवर्क गेलेलं होतं, कारण एवढे लोक एकाच वेळी फोन करत होते.

पण यातलं काही माझ्या मनात राहिलं नाही. राहिलं ते वेगळंच. रात्री दहाच्या सुमारास माझ्या पुढच्या गाडीतून एक आजी उतरल्या. थंडी होती, कडेला नुसता कठडा. त्यांच्या मुलीने अंगातला कोट काढून दोन्ही हातांनी आडवा धरला आणि आजी त्याच्या आड बसल्या. मागच्या सगळ्या गाड्यांनी दिवे मंद केले. त्या मुलीचे हात थरथरत होते. मला आई दिसली. आई, तुझं दर तासाला उठणं मला माहीत आहे, बाबांचा गुडघा दोन तास दुमडून राहिला की उलगडत नाही हेही माहीत आहे. तुम्हाला घेऊन जाईन ती अशा रस्त्यावर कधीच नाही, हे मी त्या रात्री ठरवलं.

म्हणून जागा निवडताना मी आधी रस्ता पाहिला, मग मिनिटं.

बाबांचा स्पेनचा आग्रह मला समजतो. लक्सरला ऑगस्टमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि ग्रहण भर दुपारी एकच्या सुमारास आहे. स्पेनला ते सकाळी पावणेअकराच्या सुमारास, हवाही सोसवेल अशी. तिथल्या दक्षिण टोकावरच्या तारिफाला साडेचार मिनिटांच्या वर खग्रास मिळतं. कागदावर सगळं छान आहे. पण २ ऑगस्ट सोमवार आहे, म्हणजे आधीचा शनिवार-रविवार ३१ जुलै आणि १ ऑगस्ट. त्या दिवसांत निम्मा स्पेन सुट्टीवर निघालेला असतो. शिवाय युरोपात राहणारी मोरोक्कन कुटुंबं उन्हाळ्यात गाड्या भरभरून अल्हेसिरास आणि तारिफाच्या बंदरांकडे येतात, तिथून बोटीने गावी जातात. एका उन्हाळ्यात तीस लाखांहून जास्त माणसं. तारिफाला जाणारा किनाऱ्याचा रस्ता, एन-३४०, बराचसा जायला एक पदर आणि यायला एक पदर असा आहे. यावर ग्रहणाची गर्दी चढवून बघा. मला तर खिंडच दिसते.

आणि एवढं करून ढगांची धास्ती आहेच. तिथल्या जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत लेव्हांटे नावाचा पूर्वेचा वारा सुटला की खाली ढग साचतात. ढगांची शंका असेल तिथे ग्रहण बघणारे गाडी तयार ठेवतात, सकाळी उठून मोकळं आकाश शोधत पळतात. तरुण माणसाला ते जमतं. पण पळायची तयारी ठेवायची म्हणजे नेमकं त्याच दिवशी रस्त्यावर उतरायचं, हजारो लोक त्याच मोकळ्या आकाशाकडे निघालेले असताना. लक्सरला ऑगस्टमध्ये ढग जवळजवळ नसतातच. वाळूची वादळं वसंतातली, तोवर सरलेली. जिथून हलावं लागणार नाही अशी जागा म्हणून मी लक्सर म्हणते आहे. ऊन आहे, पण उन्हावर उपाय आहे. अडकलेल्या रस्त्यावर नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. त्या वेळी तिथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, क्षितिजापासून ब्याऐंशी अंश. म्हणजे टेकडी नको, मैदान नको, मोकळं क्षितिज नको. कुठलीही भिंत, कुठलंही झाड आड येणार नाही. राहायच्या जागेचं अंगण पुरे. खोलीतून निघून पन्नास पावलं चाललं की आपण ग्रहणाच्या जागी पोचलो.

जायचं असं ठरवलं आहे. कैरो खग्रासच्या पट्ट्यात येत नाही, त्यामुळे तिथे उतरलेले हजारो लोक शेवटच्या दोन दिवसांत दक्षिणेला निघणार. कैरो ते लक्सर रस्त्याने साडेसहाशे किलोमीटर आहे, वाटेत तपासणी नाकी. तो रस्ता आपण धरायचाच नाही. कैरोहून तासाभराच्या विमानाने शुक्रवारी, ३० जुलैला लक्सर. म्हणजे मध्ये तीन रात्री. विमान चुकलं, बॅग राहिली, कुणाचं पोट बिघडलं, तरी हातात दिवस आहेत.

राहायचं नाईलच्या पश्चिम काठावर. शहर, कर्नाकचं मंदिर आणि विमानतळ पूर्वेला आहेत, प्राचीन राजांच्या थडग्यांची ती राजांची दरी पश्चिमेला, आणि गाड्यांचा पूल शहराच्या बाहेर दक्षिणेला. नदी ओलांडायची तर नावेने किंवा त्या पुलावरून लांबचा फेरा घालून. ग्रहणाच्या सकाळी अर्धी गर्दी अलीकडची पलीकडे आणि पलीकडची अलीकडे करत असेल. आपण रविवारी दुपारनंतर नदी ओलांडायची नाही. राजांची दरी शनिवारी पहाटे बघून टाकू, ऊन चढायच्या आत. रविवारी पूर्ण आराम. बाबा, रविवारी "जरा चक्कर मारून येतो" नाही.

सोमवारी साडेअकराच्या पुढेमागे चंद्र सूर्याला टेकेल. तेव्हा बाहेर बसायची गरज नाही. खोलीत पंख्याखाली राहायचं, मधून मधून दारात येऊन चष्म्यातून डोकवायचं, परत आत. आईने झाडाखालची जमीन मात्र नक्की बघायची. पानांमधून पडणारे कवडसे एरवी गोल असतात, त्या दिवशी ते कोरीसारखे होत जातील, शेकडो कोरी एकाच वेळी. पाऊण वाजता अंगणात उतरू. सूर्य डोक्यावर असल्यामुळे उभ्याने मान वर करून बघणं तुम्हाला झेपणार नाही, म्हणून पाठ टेकून पडता येईल अशा खुर्च्या मी आधीच मागून ठेवणार आहे. शेवटच्या दहा मिनिटांत ऊन पिवळं न होता करडं होतं, सावल्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात, अंगावरची उष्णता कुणीतरी उचलून घेतल्यासारखी जाते. मग हिऱ्याची अंगठी, म्हणजे काळ्या चंद्राच्या कडेला सूर्याचा शेवटचा एकच लखलखता ठिपका. ती विझली की चष्मा काढायचा, त्याआधी नाही. पहिला किरण परत आला की लगेच लावायचा.

चष्म्यांवरून आठवलं. बाबा, तारेगणाचे ते कागदी चष्मे तुमच्या डायरीत आहेत, मी मागच्या वेळी पाहिले. ते जपून ठेवा, पण डोळ्याला लावायचे नाहीत. एवढ्या वर्षांत त्यांच्या पडद्याला घड्या पडल्या आहेत, आणि आयएसओ १२३१२-२ हे चष्म्यांचं प्रमाण तर त्यांच्यानंतर, २०१५ मध्ये आलं. नवे मी आणते, प्रत्येकी दोन. आणि फोटो काढायचे नाहीत. सहा मिनिटं भरपूर वाटतात, पण कॅमेऱ्याशी खटपट करण्यात कधी सरतात कळत नाही. तुम्ही अठरा वर्षं थांबला आहात, तुम्ही फक्त बघा.

संपल्यावर सगळे उठतील. आपण नाही. जेवू, झोपू. सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवार हे विमानतळावर सगळ्यात वाईट जाणार, बुधवारी जरा ओसरेल, आपण गुरुवारी, ५ ऑगस्टला निघू. नेटवर्क गेलं तरी अडू नये म्हणून तिकिटं, राहायच्या जागेचा पत्ता, तुमच्या औषधांची यादी, सगळं कागदावर छापून तिघांकडे एकेक संच. औषधं हातातल्या पिशवीत, दहा दिवसांची जादा.

तुमच्याकडून मला दोनच गोष्टी हव्यात. डॉक्टरांना विचारा की अशा उन्हात बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत काही बदल करायचा का, आणि पाणी किती प्यायचं. आणि दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा. २०२८ च्या फेब्रुवारीच्या पुढची हवी. नसेल तर आत्ताच अर्ज करू. आईच्या पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे असं तिने मागे सांगितलं होतं, ते तिकिटावर तसंच्या तसं घालावं लागेल. म्हणून दोन्ही पासपोर्टच्या पहिल्या पानांचे फोटो रविवारपर्यंत पाठवा, सोमवारी मी खोल्या धरते.

तुमची,
मनू