शिक्षकांची रिट्रीट आणि नंतरचे दहा महिने : मदतीचे आवाहन

प्रिय धर्मग्रामस्थहो,

दिवाळीच्या सुट्टीत वसईतील ४० कॅथलिक शिक्षकांसाठी आम्ही निवासी रिट्रीट (प्रार्थना-मननाचे शिबिर) घेत आहोत. गुरुवारी संध्याकाळी ५ वाजता सुरुवात, शनिवारी दुपारी ४ वाजता निरोप. मिशनच्या शाळांतले, जिल्हा परिषदेच्या शाळांतले आणि रविवारी धर्मशिक्षण देणारे असे सर्व शिक्षक यात असतील. रिट्रीटला देणगी मिळते, हे आम्हांला ठाऊक आहे. फोटो निघतो, मिस्सा होते, सगळ्यांना बरे वाटते. पुढच्या दहा महिन्यांतल्या मासिक बैठकांसाठी मात्र हात आखडतो, आणि खरे काम तिथेच असते. म्हणून या वर्षी दोन्हींची मागणी एकदमच करत आहोत.

गणिताचे पुस्तक बदलले की शिक्षक प्रशिक्षणाला जातो. श्रद्धेचे शिक्षण मात्र बहुतेकांचे दृढीकरणाच्या (लहान वयात घेतलेल्या संस्काराच्या) वर्गात थांबलेले असते. मग विज्ञानाच्या तासाला आठवीतला मुलगा विचारतो, ‘टीचर, आदाम खरा की उत्क्रांती?’ आणि टीचर विषय बदलतात. वास्तविक पोप पायस बारावे यांनी १९५० सालीच उत्क्रांतीच्या अभ्यासाला वाट मोकळी ठेवली होती. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर ती निव्वळ गृहीतकापेक्षा अधिक असल्याचे म्हटले. हे शिक्षकांपर्यंत पोहोचलेलेच नाही.

एक गैरसमजही दूर करायला हवा. वर्गात धर्मप्रचार कसा करावा, हे आम्ही शिकवत नाही. राज्याच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. संविधानाचे २८ वे कलम हेच सांगते. शिक्षकाची श्रद्धा दिसते ती मार खाल्लेल्या मुलाशी तो कसा बोलतो, पेपर कसे तपासतो, स्टाफरूममध्ये कोणाबद्दल काय बोलतो, यात.

अशा रिट्रीट कुठे फसतात, तेही सांगतो, कारण खर्चाची आखणी त्यावरूनच ठरली आहे. पहिली चूक म्हणजे प्रवचनांचा मारा. दिवसभर बोलणाऱ्या माणसाला आणखी ऐकवून विश्रांती मिळत नाही. म्हणून मार्गदर्शकांची ४०-४० मिनिटांची चारच प्रवचने ठेवली आहेत, बाकी वेळ शांतता. बायबलमधला शास्त्रपाठ हा वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन या जुन्या चार पायऱ्यांनी होईल. एका बैठकीला एकच उतारा, दहा-बारा ओव्यांहून मोठा नाही. दुसरी चूक गटांची. मुख्याध्यापिका आणि तिच्याच शाळेतले शिक्षक एका गटात बसले की कोणी मन उघडत नाही. म्हणून गट सहा-सात जणांचे आणि शाळा मिसळून.

तिसरी चूक सर्वांत नाजूक. मिशनच्या शाळेत फादरच बऱ्याचदा व्यवस्थापक असतात. ज्यांच्या सहीने रजा मंजूर होते, त्यांच्यापुढे प्रायश्चित्त संस्काराला (पापांची कबुली द्यायला) बसणे अवघड जाते. म्हणून बाहेरच्या धर्मग्रामांतले तीन धर्मगुरू हवेत. एका व्यक्तीला सात मिनिटे धरली तरी ४० जणांना एकट्या फादरांकडून साडेचार तासांहून अधिक वेळ लागेल. तिघे असले तर दीड तासाहून थोड्या अधिक वेळात आटोपते. हे शुक्रवारी संध्याकाळी ठेवले आहे. शेवटच्या दिवशी ठेवले की बॅगा भरण्याच्या घाईत उरकले जाते.

आता पैशांचे. ४० शिक्षक, दोन मार्गदर्शक आणि स्वयंपाकघरातले चौघे, असे ४६ जण. दोन रात्रींचे निवासभाडे माणशी ३५० रुपये रात्रीप्रमाणे ३२,२०० रुपये. जेवणखाण २३,००० रुपये. मार्गदर्शकांचे मानधन आणि सर्व धर्मगुरूंचा प्रवास १२,०००. पुस्तिका व वह्या ४,८००. एकूण ७२,००० रुपये. प्रत्येक शिक्षक ५०० रुपये भरेल, म्हणजे २०,००० जमतील. (पूर्ण फुकट ठेवले की नावे नोंदवली जातात, माणसे येत नाहीत.) उरले ५२,०००.

नंतर डिसेंबरपासून ऑक्टोबरपर्यंत, मे वगळून, महिन्यातून एका शनिवारी ४ ते ६ बैठक. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षांमुळे एकच तास. विषय कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या चार भागांतून: श्रद्धा, संस्कार, ख्रिस्ती जीवन, प्रार्थना. चहा-नाश्ता, मार्गदर्शकाचा प्रवास आणि झेरॉक्स मिळून एका बैठकीला २,५०० रुपये, दहांना २५,०००. सप्टेंबरची बैठक ५ तारखेच्या जवळ ठेवू. शिक्षकदिन आणि कोलकात्याच्या संत तेरेजा यांचा सण एकाच दिवशी येतो.

म्हणजे एकंदर ७७,००० रुपये हवेत, ३० सप्टेंबरपर्यंत. कोणी एका बैठकीचा खर्च उचलला तर आम्हांला सर्वांत आनंद होईल.

पैशांखेरीज २५ किलो तांदूळ, वाडीतली भाजी आणि केळी, १५ मराठी बायबल हवेत. शुक्रवारी मांसाहार नसेल, तेव्हा त्या दिवसासाठी मटण-चिकन देऊ नये. आणि एक मदत फार मोलाची: अनेक शिक्षिका लहान मुलांमुळे किंवा अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांमुळे दोन रात्री घराबाहेर राहू शकत नाहीत. त्यांच्या घरी थांबायला तयार असलेल्या महिलांनी आपले नाव आणि आळी कार्यालयात कळवावी.

देणगी धर्मग्राम कार्यालयात द्यावी आणि पावती घ्यावी. देणगीवर आयकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका, चेकने द्या. आखातात नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम चालते. ज्यांनी कॅनडा, ऑस्ट्रेलिया वा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी कायद्याने विदेशी ठरते, मग ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी. त्यासाठी लागणारी नोंदणी आमच्याकडे नाही. त्यांनी कृपया पैसे पाठवू नयेत, नातेवाइकांच्या नावानेही नाही.

आपली,
धर्मशिक्षण समिती