भांडणाऱ्या बापांचा सिनेमा म्हणजे नुसती करमणूक नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत हिंदी प्रेमपटांवर आलेला लेख वाचला. दोन घराण्यांचं वैर आणि त्यात सापडलेली दोन पोरं, या विषयावर लेखकाने मनापासून लिहिलं आहे. 'बॉबी' आहे, 'एक दुजे के लिए' आहे, 'कयामत से कयामत तक'वर तर जवळजवळ निम्मा लेख आहे. पण शेवटाकडे ते म्हणतात की, हाच विषय विनोदी अंगाने मांडला की उरते ती फक्त घटकाभराची करमणूक. हे मला मुळीच पटलं नाही. आणि एवढ्या मोठ्या लेखात 'तेरे घर के सामने'चं नावसुद्धा नाही, याचं फार वाईट वाटलं.

मी पुण्यात आर्किटेक्ट म्हणून काम करते. त्यामुळे १९६३ चा हा सिनेमा मला जरा जास्तच जवळचा आहे, हे आधीच सांगते. दिल्लीतले दोन धनिक, एकमेकांचं तोंड न बघणारे. एक ओमप्रकाश, दुसरे हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय. भूखंडांच्या लिलावात दोघं ईर्षेने बोली चढवत जातात आणि शेवटी दोघांचीही घरं एकमेकांच्या नाकासमोर यायची वेळ येते. एकाचा मुलगा देव आनंद, परदेशात शिकून आलेला आर्किटेक्ट. दुसऱ्याची मुलगी नूतन. तिच्या वडिलांना घर बांधायला आर्किटेक्ट हवा असतो आणि ते नेमकं या मुलालाच काम देतात, तो कुणाचा मुलगा हे माहीत नसताना. म्हणजे दोन्ही घरांचे नकाशे एकाच्याच टेबलावर. दोन्ही बापांचा हट्ट एकच, समोरच्यापेक्षा माझं घर वरचढ हवं. आणि हा मुलगा दोघांना एकसारखंच घर बांधून देतो.

हे कथानक कुणाला बाळबोध वाटेल. मला वाटत नाही, कारण हे मी माझ्या ऑफिसात पाहिलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यानंतर पेठांतले वाडे सोडून कितीतरी कुटुंबं सहकारनगर, गोखलेनगरकडे पूरग्रस्तांच्या सोसायट्यांत गेली. तिकडे या सिनेमाची जुळवाजुळव चालली असेल, जवळपास त्याच सुमारास इथे पुण्यात लोक आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या प्लॉटवर उभे राहून शेजाऱ्याच्या कुंपणाकडे बघत होते. त्या घरांचा आता पुनर्विकास चालू आहे. एका जागेवर दोन सख्ख्या भावांची घरं होती, मधे सामाईक भिंत. वडील गेल्यापासून दोघांत विस्तव जात नव्हता. नव्या नकाशावर बाकी सगळं ठरलं. जिना ठरला, पार्किंग ठरलं, साइड मार्जिनवरूनही, म्हणजे घराच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेवरूनही, वाद झाला नाही. पण थोरल्यांनी नकाशावर बोट ठेवलं, पट्टी मागितली आणि स्वतः मोजून म्हणाले, "मॅडम, त्याच्या हॉलची खिडकी माझ्यापेक्षा मोठी आहे." धाकटे शेजारीच बसले होते, ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, त्यांची बाल्कनी मोठी आहे." एका टेबलाशी बसलेले दोन भाऊ, आणि बोलणं माझ्यामार्फत! मी दोन्ही घरं आरशात धरल्यासारखी सारखी करून दिली. सही करताना थोरल्यांनी पहिल्यांदा धाकट्याला थेट विचारलं, "मोरी कुठल्या बाजूला ठेवतोयस?"

विनोदी सिनेमाचं मोठेपण मला इथे दिसतं. 'कयामत से कयामत तक'मध्ये पोरं मरतात. सिनेमा चांगला आहे, प्रश्नच नाही. १९८८ मध्ये त्याने हिंदी प्रेमपटाला नवं रूप दिलं. पण दोन मृतदेह समोर असताना बापांचं वैर संपवणं दिग्दर्शकाला तितकंसं अवघड नसतं. प्रेक्षक आधीच रडत असतो. उद्या सकाळी त्या दोन घरांत काय होणार, हे दाखवायची गरज उरत नाही. विनोदी सिनेमात ही सोय नाही. कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही, म्हणजे त्या दोन हट्टी म्हाताऱ्यांना खरोखर बदलावं लागतं, आणि तेही पटेल असं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की समोर तोच माणूस उभा राहणार आहे. लेखकाला आणि दिग्दर्शकाला यात कुठेही लपता येत नाही.

'तेरे घर के सामने'चा दिग्दर्शक विजय आनंद. त्याने हे केलं तेव्हा तो तिशीतही पोचला नव्हता. त्याने खलनायक ठेवला नाही. दोन्ही बाप हास्यास्पद आहेत, पण दुष्ट नाहीत. त्यांचं मुलांवर प्रेम आहे आणि तेच त्यांना शेवटी वाकवतं. पोरंही बंडखोरीची भाषणं ठोकत नाहीत. घर बांधणं हेच त्यांचं बंड. आपल्याकडे प्रेमपटात नायकाचा व्यवसाय बहुतेक वेळा नावापुरता असतो. डॉक्टर असला तरी तो गाणीच म्हणत फिरतो. इथे मात्र नायकाचं काम काढून घेतलं तर गोष्टच शिल्लक राहत नाही. माझ्या व्यवसायाला हिंदी सिनेमाने इतका मान क्वचितच दिला आहे.

गाण्यांबद्दल लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. सचिनदेव बर्मन आणि हसरत जयपुरी. कुतुबमिनाराच्या जिन्यावरचं 'दिल का भंवर करे पुकार' सगळ्यांना ठाऊक आहे. खरा जिना कॅमेऱ्याला अपुरा पडणारा, म्हणून तो स्टुडिओत उभा केला होता. तरी वळणावळणाने खाली उतरणारे ते दोघं बघताना एकदाही सेट वाटत नाही. १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर मिनाराच्या आत जाणं बंद झालं, त्यामुळे आता तर तो जिना लोकांच्या मनात या गाण्यापुरताच आहे. आणि शीर्षकगीत! देव आनंदच्या हातातल्या ग्लासात इवलीशी नूतन दिसते. ग्लासात बर्फ पडतो आणि ती कुडकुडते. संगणक नसताना केलेली ही युक्ती, पण लक्षात राहतो तो नूतनचा चेहरा. प्रियकराच्या मनातली मुलगी नुसती गोड हसत राहिली असती तरी चाललं असतं. ही मुलगी थंडी वाजल्याची तक्रार करते.

शोभना समर्थांच्या या लेकीचा त्याच वर्षी 'बंदिनी'ही आला. संगीत तिथेही सचिनदांचंच. 'बंदिनी'चं कौतुक व्हायलाच हवं, पण एकाच वर्षात तिथली कल्याणी आणि इथली ही खट्याळ सुलेखा साकारणारी अभिनेत्री आपल्याला मिळाली, हे आपण विसरतो. दुःख म्हणजे अभिनय आणि हसू म्हणजे सोपं काम, हा जुना गैरसमज आपल्या लेखातही डोकावतो.

शिवाय या सिनेमाची काळजी पुण्याने घ्यायला हवी, असं मला वाटतं. देव आनंदची सुरुवात इथली. 'हम एक हैं' प्रभातचा, १९४६ चा. प्रभातमध्येच धोब्याकडे शर्टांची अदलाबदल होऊन त्याची आणि गुरुदत्तची ओळख झाली, हा किस्सा तर जुन्या पुणेकरांना तोंडपाठ आहे. २०२३ मध्ये देव आनंदच्या जन्मशताब्दीनिमित्त देशभर थिएटरांत 'सीआयडी', 'गाइड', 'ज्वेल थीफ' आणि 'जॉनी मेरा नाम' दाखवले गेले. निवड उत्तमच होती. पण त्यात एकही निखळ विनोदी सिनेमा नव्हता.

म्हणून दोन विनंत्या. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने 'तेरे घर के सामने' मोठ्या पडद्यावर दाखवावा, शक्यतो शनिवारी संध्याकाळी, म्हणजे नोकरदारांनाही येता येईल. आणि आपण त्याच पुरवणीत हिंदीतल्या विनोदी प्रेमपटांवर एक स्वतंत्र लेख द्यावा. ज्या लेखकांनी पहिला लेख लिहिला त्यांनीच तो लिहिला तर मला जास्त आनंद होईल. त्यांची नजर चांगली आहे. खेळ ठरला तर त्या दोघा भावांना मी स्वतः तिकडे घेऊन जाणार आहे.

आपली,
एक आर्किटेक्ट वाचक,
एरंडवणे, पुणे