पंचनाम्यात माती कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिमगा ते मिरग आपल्या दैनिकात वणव्याच्या बातम्या येतात : अमुक वाडीत इतकी कलमं जळाली, तमुक वाडीत गोठा गेला. यंदा त्यात आमचीही बाग होती. संगमेश्वर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी माझी दोन एकर काजू आहे, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या जातींची. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात भर दुपारी वरच्या माळावरून आग उतरली. कोणी लावली ठाऊक नाही, आणि गावात राहायचंय म्हणून विचारलंही नाही. ४१ कलमं गेली. पंचनाम्याला माणसं आली, झाडं मोजली, सह्या झाल्या. मी म्हटलं, "मातीचं काय लिहिलंत?" त्यातला एकजण हसला. "काकी, माती कुठे जळते?"

जळते, दादा. बागेच्या वरच्या अंगाला ऐन-किंजळीचं रान आहे. फाल्गुनात तिथे घोटाभर पातेरा, म्हणजे वाळका पाला, साचतो. तो बाजूला सारला की काळी, भुसभुशीत माती, जेमतेम वीतभर, आणि खाली लगेच जांभा. झाडाचं सगळं खाणंपिणं त्या वीतभरात. आगीत पातेरा जातोच, शिवाय मातीच्या वरच्या पापुद्र्यातलं कुजकं खतही जातं. दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे नत्र हवेत उडायला लागतं. उरते राख. तिच्यात पालाश असतो, चुना असतो, म्हणून पावसाळ्यात गवत तरारून येतं आणि "जाळल्याशिवाय गवत धरत नाही" ही समजूत आणखी पक्की होते. माझे सासरेही हेच म्हणायचे. पण त्या राखेतली बरीचशी पहिल्या सरींबरोबरच वाहून जाते. पुढच्या वर्षी तिथे काय उरतं, हे बघायला कोणी जात नाही.

आग विझल्यावर आठवड्याने मी जळक्या जागेवरची राख सारून तांब्याभर पाणी ओतलं. मुरेना. पाऱ्यासारखे गोळे होऊन उतारावरून घरंगळलं. तसाच तांब्या देवराईत नेऊन ओतला, तर दुसऱ्यांदा बघेपर्यंत पाणी गडप. दापोलीला कृषी विद्यापीठात शिकलेला माझा भाचा म्हणाला, की पानांमधलं मेणचट द्रव्य आगीने वाफ होऊन खाली शिरतं आणि थंड मातीच्या कणांवर बसतं, म्हणून माती पाणी झटकते.

आता हिशेब बघा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. मार्चमध्ये डोंगर उघडा केला की त्यावर थेट मिरगाचाच मारा. यंदा पहिल्या मोठ्या सरीला आमच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, आधी काळं पाणी आलं, संध्याकाळपर्यंत तांबडंलाल. हा पऱ्या शास्त्री नदीला मिळतो. २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतल्या गाळावर केवढी चर्चा झाली! गाळ काढायलाच हवा. पण तो ज्या डोंगरांवरून येतो, तिथे दरवर्षी काडी लागतेय.

गैरसमज नको, मी भाजावळीविरुद्ध, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याविरुद्ध, लिहीत नाही. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा आम्हीही भाजतो. पण ती वाफ्यापुरती, आणि विझेपर्यंत कोणीतरी तिथे बसून असतं.

दोन विनंत्या आहेत. आमच्या जिल्ह्यातले डोंगर बहुतेक खाजगी मालकीचे, वनखात्याच्या जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, तिथे येत नाहीत. ग्रामपंचायतींनी डिसेंबरात, गवत पुरतं वाळायच्या आत, वाडीवाडीने त्या काढाव्यात. आणि पंचनाम्याच्या कागदावर एक रकाना मातीचा असावा : किती उतार उघडा पडला, त्यावर पावसाआधी काय टाकलं.

मी अर्धवट जळलेल्या फांद्या उतारावर आडव्या टाकून दगडांनी दाबल्या. काही पहिल्याच रात्री वाहून गेल्या. ज्या टिकल्या, त्यांच्यामागे चार-चार बोटं माती अडली आहे, एकीमागे कुड्याचं रोपटं आलंय. त्या दिवशी हसलेल्या गृहस्थांनी येऊन बघावं. फक्त पऱ्यावरचा साकव (छोटा पूल) यंदा हलतोय, जपून यावं.

आपली,
एक काजू बागायतदार, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी