काकू, हळद पिवळीच राहिली

तीर्थस्वरूप काकूंना,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताटली घेऊन खाली आले, तेव्हा तुमच्या दाराला कुलूप होतं. तुम्ही पहाटेच मुलाकडे देवासला निघाला होतात. संध्याकाळी फोन केला तर, "आभार कसले गं, मी नुसती खुर्चीवर तर बसले होते," म्हणून तुम्ही लगेच आईंच्या गुडघ्यांची चौकशी सुरू केलीत. फोनवर तुम्ही बोलू दिलं नाहीत, म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं उघड लिहिते आहे, कारण त्या दिवशी केक खाणाऱ्या प्रत्येकाने "कुठून आणला?" असं विचारलं, आणि "घरी केला" एवढं उत्तर मला खोटं वाटत राहिलं. हात माझे होते. बाकी सगळं तुमचं होतं.

मूळ बेत तुम्हाला ठाऊकच आहे. आईंना तिथीने पंचाहत्तर पूर्ण होत होती आणि तिथी नेमकी फाल्गुन वद्य पंचमी. इंदूरच्या माणसाला त्या दिवसाबद्दल वेगळं सांगायला नको. बाकी गावांची होळी धुळवडीला संपते, आपली त्यानंतर चार दिवसांनी रंगात येते. होळकरांच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरमधून पाण्याचा मारा होतो, गुलालाने आभाळ दिसेनासं होतं. आई लग्न होऊन इथे आल्यापासून दर वर्षी गेर बघायला जायच्या. गुडघे धरल्यापासून चार वर्षं त्या घरीच बसून आहेत, आणि बाहेरून भिजून आलेल्या मुलांना "यंदा किती गर्दी होती रे?" एवढंच विचारतात. तर गेरच त्यांच्यापुढे आणून ठेवावी, केकवर, असं माझ्या मनात आलं. चाळीस माणसं येणार, म्हणून एकाच मोठ्या चौकोनी टिनमधला सपाट केक, थर वगैरे काही नाही, वड्या पाडाव्यात तसा कापायचा. आई अंडं खात नाहीत, म्हणजे बिनअंड्याचा. ज्या दुकानात ऑर्डर दिली होती त्यांनी चार दिवस आधी फोन करून सांगितलं की सणाच्या गर्दीत एवढा मोठा जमणार नाही. मी त्याआधी आयुष्यात दोनदा केक केला होता, दोन्ही वेळा तयार पाकिटाचा.

त्या रात्री साडेनऊला मी तुमची कडी वाजवली, ती खरं तर एक स्टीलची वाटी दाखवायला. रंग विकतचे नकोत, लहान मुलं खाणार, म्हणून मी वाट्यांमध्ये थोडं थोडं पीठ भाजून पाहिलं होतं. एकात बीट, एकात पालक, एकात हळद. बिटाचा गुलाबी रंग उडून मातकट तपकिरी झाला होता आणि हळदीचा केक पिवळा व्हायच्या ऐवजी विटेसारखा लाल. मला वाटलं हळदीतच भेसळ आहे. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जेमतेम दहा दिवस झाले होते. काळा चष्मा लावून तुम्ही दारात आलात, वाटी दिव्याजवळ नेलीत, नखाने कण काढून जिभेवर ठेवलात आणि म्हणालात, "हे तर कुंकू झालं!"

मग तुम्ही मला जे विचारलंत ते मी जन्मभर विसरणार नाही. "दही आजचं होतं ना? गोड?" होतं. "आणि सोडा शीग लावून घातलास?" घातला होता. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच तयार होतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण केकच्या वाटीत तेच घडलंय हे माझ्या ध्यानात आलं नसतं. सोडा म्हणजे खार. दह्यातला आंबटपणा त्याच्याशी लढतो, त्यातून बुडबुडे येतात आणि केक फुगतो. माझ्या दह्यात आंबटपणाच पुरेसा नव्हता, सोडा मात्र ढीगभर, तेव्हा लढाई संपल्यावरही सोडा उरला आणि तो हळदीला लागला. म्हणूनच तो तुकडा जिभेला साबणासारखा लागत होता. "हळद वाईट नाही," तुम्ही म्हणालात, "ती तुला सांगते आहे की माप चुकलं." आणि बिटाचं औषध नाही, तो रंग भट्टीत टिकतच नाही, त्याला वरच्या आयसिंगसाठी ठेव, असं सांगून तुम्ही मला घरी पाठवलंत. जाताना हातात तुमची वही दिलीत.

ती वही मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही घरी केकचे क्लास घ्यायचात, गोल अ‍ॅल्युमिनियमच्या काचेच्या झाकणाच्या ओव्हनवर, हे ऐकून होते. पण प्रत्येक कृतीशेजारी समासात तुम्ही त्या दिवशी काय बिघडलं ते लिहून ठेवलंय: "मध्ये बसला, दार लवकर उघडलं." "कडा करपल्या, टिन भिंतीला टेकला." नीट जमलेल्या केकपुढे मात्र नुसती बरोबरची खूण. इतकी प्रामाणिक वही मी दुसरी पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीचं आंबट दही घेतलं, सोडा सुरीने चमच्याच्या काठाशी सपाट केला, हळद तेवढीच. वाटी भट्टीतून काढली तेव्हा ती लख्ख पिवळी होती. मी जिन्यावरूनच ओरडले होते, "काकू, हळद पिवळीच राहिली!"

मग माप पक्कं झालं, आणि ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी ते इथेच लिहिते. मैदा ३७५ ग्रॅम, आंबट दही ५०० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, बिनवासाचं तेल २४० मिली, बेकिंग पावडर अडीच चमचे, सोडा १ सपाट चमचा, चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि पाऊण चमचा हळद. साखर दह्यात विरघळवायची, त्यात सोडा-पावडर घालून पाच मिनिटं थांबायचं, वर फेस आला की मग तेल, शेवटी चाळलेला मैदा, आणि तो फेटायचा नाही, नुसता एकजीव करायचा. टिन २३ बाय ३३ सेंटिमीटरचा. तो बर्तन बाजारातून आणण्याआधी तुम्ही मला ओव्हन आतून मोजायला लावलात, कारण चारही बाजूंनी बोटभर जागा नसेल तर हवा फिरत नाही. मी तर दुकानातला सगळ्यात मोठा टिन घेऊन आले असते.

पंच्याच्या पट्ट्यांचं तर मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे. जुना पंचा फाडून, ओला करून, पिळून, फॉइलमध्ये गुंडाळून त्या पट्ट्या टिनच्या बाहेरून बांधायच्या. पत्रा लवकर तापतो, कडेचं पीठ आधी बसतं आणि मधलं फुगत राहून घुमट होतो. कडा थंड राहिल्या की सगळा केक बरोबरीने वर येतो. आपल्याला तर राजवाडा काढायचा होता, त्याला पाटासारखी सपाट जमीन हवी होती.

आता ती चतुर्थीची संध्याकाळ. डॉक्टरांनी तुम्हाला वाफ आणि धग डोळ्यांपाशी नको म्हणून बजावलं होतं, त्यामुळे तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसलात, ओव्हनकडे पाठ करून. १८० अंशांवर पस्तीस मिनिटं झाली, वरून रंग छान आला होता, सुरी घालून पाहिली तर कोरडी निघाली. मी टिन काढून ओट्यावर ठेवला. तुम्ही मागे न बघताच म्हणालात, "अजून वास कच्चा आहे. कान लाव त्याला." मी वाकले. आतून बारीक चुरचुर ऐकू येत होती, दूरवर कुणी तरी काही तळत असावं तशी. "ती चुरचुर म्हणजे आत ओल आहे. चार मिनिटं परत ठेव." चार मिनिटांनी पुन्हा कान लावला, आवाज अगदी मंदावला होता, आणि आता मलाही वास वेगळा आला, भाजलेल्या रव्याच्या जवळ जाणारा. तुम्ही मान हलवलीत. काकू, मी वीस वर्षं स्वयंपाक करते आहे, पण पदार्थ ऐकायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आयसिंगची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. मार्चमधली आपली दुपार म्हणजे लोण्याचं तूप व्हायला वेळ लागत नाही. तुम्ही निम्मं बिनमिठाचं लोणी आणि निम्मं वनस्पती तूप घ्यायला लावलंत, दोन्ही मिळून २५० ग्रॅम, त्याला ५०० ग्रॅम आयसिंग शुगर. चवीला नुसतं लोणी चांगलं हे तुम्हीही कबूल केलंत, पण उन्हात उभं राहणारं हवं होतं. आणि पंचमीला पहाटे साडेचारला उठून, पंखा बंद करून, ऊन यायच्या आत सगळं उरकायचं. आधी पातळ हात, त्यात केकचे सुटे कण बसू द्यायचे, अर्धा तास फ्रिजमध्ये, मग वरून दुसरा हात. चुना देतात तसे दोन हात, हे तुमचेच शब्द.

तिथेही लोण्याच्या पिवळेपणाने माझी अडचण केलीच. गोकर्णीची फुलं गरम पाण्यात चोळून निळा अर्क काढला होता, तो आयसिंगमध्ये पडला की हिरवट दिसायला लागला. तुम्ही विचारलंत, "पांढरे कपडे पिवळे पडले की काय करतेस?" नीळ घालते. "मग इथेही तेच." गोकर्णीच्या अर्कात लिंबाचा थेंब पिळला, तो जांभळा झाला, आणि त्याचे दोनच थेंब आख्ख्या आयसिंगमध्ये घोटले. पिवळेपणा मरून आयसिंग पांढरंशुभ्र झालं, मग त्यावर निळा नीट बसला. गुलाबी बिटाचा, पिवळा हळदीचा, हिरवा पालकाचा. लाल मात्र तुम्ही विकतचा जेल घ्यायला सांगितलात. "बिटाने लाल करायला जाशील तर पाणीच पाणी होईल. खाण्याच्या रंगाचं पाकीट नीट वाचून घे आणि टोकभर घाल. रात्रभर ठेवलास की आपोआप गडद होतो." घरच्या रंगांचा माझा हट्ट तुम्ही मोडला नाहीत, आणि जिथे तो चालणार नव्हता तिथे स्पष्ट सांगितलंत. मला ते फार आवडलं.

आणि राजवाडा. फोटो समोर ठेवून मी सातही मजले कोकोच्या एकाच रंगात काढायला घेतले. तुम्हाला केक धूसरच दिसत होता, तरी तुम्ही विचारलंत, "खालचे तीन दगडाचे केलेस ना? वरचे चार लाकडाचे." रोज त्या दरवाजासमोरून जाते मी, पण हे कधी नजरेत भरलं नव्हतं. मग खालच्या तीन मजल्यांना कोको अगदी नावापुरता, वरच्या चारांना दुप्पट. हाताच्या उबेने पिशवीतलं आयसिंग सैल पडायला लागलं की तुम्ही आवाजावरून ओळखत होतात, नळीतून निघताना पचपच होते म्हणे. "पिशवी बदल, ती फ्रिजमध्ये टाक. तळव्यात धरू नकोस, बोटांच्या पेरांवर धर." सव्वासातला शेवटचा गुलालाचा ढग काढून झाला. तुम्ही चष्मा वर करून, नाक जवळजवळ टेकेल इतक्या वाकून एकेक मजला पाहिलात, आणि बोलला काही नाहीत. नुसता माझा आयसिंगने भरलेला हात धरलात.

त्या दुपारी रंग डोळ्यांत जायला नको म्हणून तुम्ही वर आला नाहीत. म्हणून काय झालं ते सांगते. मुलं गेरीतून आली, ओळखू न येणारी, आधी ओट्यावर बसून पोहे-जिलेबी झाली, आणि मग मी केक आईंच्या पुढ्यात ठेवला. त्या खूप वेळ बघत बसल्या. मग राजवाड्याच्या उजव्या बाजूला, जिथे मी गर्दी म्हणून नुसते रंगीत ठिपके दिले होते, तिथे बोट नेऊन म्हणाल्या, "इथे. लग्नानंतरच्या पहिल्या रंगपंचमीला इथे ह्यांचा हात सुटला होता माझ्या हातून. दोन तास मी एका दुकानाच्या पायरीवर उभी होते." आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही, आणि ते त्यांचे पोटचे. मग आई सांगत गेल्या, सासरे कसे सापडले, दोघंही इतके रंगले होते की त्यांनी आवाजावरून ओळखलं. तो कोपरा त्यांनी शेवटपर्यंत कापू दिला नाही.

८ बाय ५ अशा चाळीस वड्या पडल्या. पहिली निघाली तेव्हा आतला पिवळा रंग बघून धाकटी जाऊबाई म्हणाली, अगदी पुरणासारखा दिसतोय. आईंनी एक घास खाल्ला आणि विचारलं, "खालच्या काकूंचा हात आहे ना यात?" त्यांनी तुमच्या क्लासचा केक कधी तरी खाल्ला होता, चाळीस वर्षांपूर्वी. त्यांना चव आठवत होती.

तुमची वही मी कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. तुमची परवानगी नव्हती, तरी शेवटच्या कोऱ्या पानावर हे माप मी लिहिलं आहे, आणि समासात, तुमच्या पद्धतीनेच: "पहिल्या वेळी लाल झाला. दही गोड, सोडा शीग." त्याखाली बरोबरची खूण करायची जागा रिकामी सोडली आहे. ती तुम्ही परत आल्यावर करा.

आईंनी राखलेला तो कोपरा फ्रीझरमध्ये डब्यात आहे. त्यातला अर्धा त्यांनी तुमच्यासाठी काढून ठेवायला सांगितलाय.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपली,
वरच्या मजल्यावरची सून

ता. क. डोळ्यांचे थेंब दिवसातून चार वेळा आहेत. देवासला कुणी आठवण करत नसेल तर मी फोन करत जाईन.