फलकाचा मजकूर

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, २०१९ च्या पुराचा फलक मारुतीच्या देवळाच्या भिंतीत बसवायचं ठरलंय, मजकूर दहा ओळींत बसला पाहिजे आणि कोरणारा अक्षरावर पैसे घेतो, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. मी काटकसरीनं लिहायला बसले, पण दहा ओळी काही जमेनात. त्यांचं हे पत्र झालं. आई, तू त्यांना वाचून दाखव. चष्म्याचा नंबर त्यांनी अजून तपासून घेतलेला नसणारच.

कमिटीचा कच्चा मजकूर फोटोत वाचला. 'निसर्गाच्या रौद्र तांडवात प्राण गमावलेल्यांना भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली सहा नावं. नीट वाचल्यावर कळलं की सहाच्या सहा जण जिवंत आहेत: अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सौजन्य वगैरे. गेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. तुम्ही कमिटीत आहात म्हणून स्पष्ट लिहिते, हा मजकूर आधी खोडा. 'रौद्र तांडव' सुद्धा खोडा. आपल्याकडे कृष्णामाईला कुणी रौद्र म्हणत नाही. पाणी चढायला लागलं की बायका ओटी घेऊन घाटावर जातात, नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार लागलं, म्हणजे पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं, की लोक गाड्या करून अंघोळीला धावतात. पाणी येणं हा आपल्याकडे आधी सोहळा असतो आणि मग संकट होतं. २०१९ ला घात झाला तो मधल्या त्या दोन दिवसांत.

त्या वर्षी पंचमी ५ ऑगस्टला होती. मी माहेरी येणार होते, पण पाणी चढतंय, येऊ नकोस, असं तुम्हीच कळवलंत. पुढे शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारी वाट कित्येक दिवस बंद झाली. म्हणजे मी जे काही लिहितेय ते फोनवर ऐकलेलं आणि नंतर येऊन पाहिलेलं. ज्यांनी ते आठ दिवस पाण्यात काढले त्यांना विचारून यातलं चुकलेलं दुरुस्त करा.

सगळ्यात आधी पातळीबद्दल. 'आयर्विन किती?' हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात 'जेवलास का'च्या आधी विचारतात. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे पोरासोरांनाही पाठ आहे. २००५ ला पाणी ५४ च्या जवळ गेलं होतं. त्या पुरानं आपल्या गावाला एक खूण दिली. देवळाच्या खांबाला तेव्हा तेलरंगानं मारलेली ती रेघ. बाबा, २०१९ मध्ये तुम्ही आणि तुमच्या वयाचे सगळे त्याच रेघेच्या भरवशावर बसलात. 'रेघेच्या वर काय येत नाही' म्हणून धान्याची पोती रेघेच्या वीतभर वर रचली, टीव्ही माळ्यावर ठेवला, म्हशी गोठ्यातच ठेवल्या. आणि पाणी ५७ फुटांवर गेलं. रेघ बुडाली, पोती बुडाली आणि माळ्यावर टीव्हीशेजारी तुम्ही दोघं.

म्हणून माझं म्हणणं असं की नव्या फलकावर नुसती २०१९ ची रेघ मारू नका. आजची पोरं उद्या म्हातारी होतील आणि त्याच रेघेखाली निवांत बसतील. रेघ मारायचीच तर दोन मारा. एक वर, पाणी कुठवर आलं होतं त्याची. दुसरी खाली, घराबाहेर कधी पडायचं त्याची. ही दुसरी खालून तिसऱ्या पायरीला. तुम्हीच सांगितलं होतंत, तिथं पाणी लागलं की मळीच्या वाटेनं बैलगाडी अजून निघते आणि पुढच्या पायरीला लागलं की निघत नाही. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी आणि लाल पूररेषा आहेत, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पण गावातला माणूस नकाशा बघून घर सोडत नाही, पायरी बघून सोडतो.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल काही कोरू नका. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सुटलं नाही, नदीच्या पात्रात किती भराव पडले, यावर वडनेरे समिती बसली, अहवाल आला, तरी पारावरचं भांडण मिटलेलं नाही. ते चालू द्या. दगडात नको.

आता गेलेल्यांविषयी. सरकारी कागदावर आपल्या गावचा एकच मृत्यू आहे, म्हशींची दावी सोडायला परत गेलेल्या माणसाचा. माझ्या हिशोबानं तिघं आहेत. वरच्या आळीतली ती म्हातारी, जिला बोटीतून काढलं पण गोळ्या घरात राहिल्या आणि शाळेतल्या छावणीत तिसऱ्या दिवशी ती गेली. आणि पाणी उतरल्यावर गाळ काढताना ओल्या भिंतीतल्या विजेचा धक्का बसलेला तो मुलगा. त्या दोघांना पाण्यानं बुडवलं नाही म्हणून ते पुराचे नाहीत काय? पंचनाम्यात बसत नसतील, पण फलकावर बसवायला आपल्याला कुणाची सही लागत नाही. तिन्ही घरी जाऊन आधी विचारा मात्र. त्या मुलाच्या आईला नाव कोरलेलं चालेल की रोज देवळात येता-जाता ते समोर नको असेल, हे तिचं तिनं ठरवायचं. आई, हे तू विचार. बाबांनी विचारलं तर ती 'चालेल' म्हणेल आणि घरी जाऊन रडेल.

ब्रह्मनाळचा उल्लेख करावा की नाही यावर कमिटीत वाद झाला म्हणालात, 'ते आपलं गाव नव्हे' म्हणून. मला वाटतं करावा. ८ ऑगस्टला तिथं ग्रामपंचायतीची नाव उलटली, त्यात १७ जण गेले. बायका आणि लेकरंच जास्त. पेलेल त्यापेक्षा माणसं नावेत होती. आपण सगळ्यांनी टीव्हीवर ऐकून 'एवढी कशाला चढली' असं म्हणून टाकलं. पण विचार करा, चार दिवस पाण्यानं वेढलेल्या गावात एक नाव काठाला लागते आणि पुढची कधी येणार हे कुणी सांगू शकत नाही. तेव्हा आपली नात आधी चढवायची की शेजारणीची, हे कोण ठरवणार? दुसरी खेप नक्की येणार हा विश्वास असता तर पहिल्या खेपेला एवढी गर्दी झाली नसती, असं माझं मत आहे. आणि ती नाव गावाचीच होती, गावकरीच गावकऱ्यांना काढत होते. तिच्यात वाचवणारे कोण आणि वाचणारे कोण, अशा दोन याद्या वेगळ्या काढता येत नाहीत. आपल्या फलकावर त्यांच्यासाठी एक ओळ असावी, अक्षरांचे पैसे मी देईन.

वाचवणाऱ्यांच्या यादीत कमिटीनं लिहिलंय: 'एनडीआरएफ, लष्कर, नौदल व प्रशासन यांचे आभार'. बरोबर आहे, पण अर्धंच. पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफ तळावरचे असोत की बाहेरच्या राज्यांतून आलेले, त्या जवानांनी जे केलं ते कुणी विसरणार नाही. आई, तू शाळेत १५ ऑगस्टला ज्याला राखी बांधलीस तो महानदीकाठचा होता ना? राख्यांची दुकानं पाण्यात, म्हणून तू देवाच्या कलाव्यातला दोरा तोडून बांधलास. त्यानं तुला सांगितलं की त्याच्या घरीही दर दोन-चार वर्षांनी पाणी येतं आणि तेव्हा तो हमखास दुसऱ्याच कुणाच्या तरी गावात असतो. हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी पुण्यात गॅसपुढे उभी होते, आणि भाजी करपली.

पण त्यांची बोट गावात आली तेव्हा तिला वाट कुणी दाखवली? वरून बघितलं तर सगळा एकसारखा तांबडा समुद्र. खाली कुठं ऊस उभा आहे, कुठं विहिरीचा कठडा, कुठं काटेरी तार, डीपी कुठली, वायर डोक्याला लागेल ती कुठं, हे पुण्याहून आलेल्या जवानाला कसं कळणार? उसाचा पाला इंजिनाच्या पंख्यात अडकला की बोट जागच्या जागी फिरते. म्हणून पुढच्या टोकाला आपल्या भोईआळीतली पोरं बसली होती, 'हिकडनं घ्या, तिकडं हीर हाय' असं ओरडत. त्यातल्या दोघांच्या अंगात पहिल्या दिवशी लाइफ जॅकेटसुद्धा नव्हतं. त्यांच्या आजोबांची नाव घाटावर चालायची. पूल झाला, उतारू संपले, नाव कुजली, पण नदीचा तळ घरात शिकवलेला राहिला. आणि बोट यायच्याही आधी, गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून त्यांनीच खालच्या आळीतल्या बाळंतिणीला शाळेपर्यंत नेलं. ज्या काहिलीत गूळ होतो ती पुरात नाव होते, हे इथं पुण्यात सांगितलं तर लोकांना गंमत वाटते. मला वाटत नाही. काहील गोल गोल फिरते, तिला ना नाळ ना सुकाणू, आणि कलंडली की संपलं. ती पोरं तिला दोन्ही बाजूंनी धरून पोहत गेली.

त्या पोरांची नावं कमिटीत कुणी सुचवली का? मला शंका आहे. सत्काराच्या दिवशी त्यांना मांडवात मागं बसवलं होतं, हे मी स्वतः पाहिलंय. त्यांची नावं हवीत, आडनावासकट, नीट शुद्ध लिहिलेली. शाळेत भाकऱ्या थापणाऱ्या बायकांची नावं घेतली तर यादी लांबेल, मान्य. त्यांच्यासाठी 'शाळेची चूल पेटती ठेवणाऱ्या सर्व' एवढं लिहा. आई, तुझंही नाव त्यात आलं, वेगळं मागू नकोस.

तर मजकूर असा सुचतो:

'ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी वरच्या रेघेपर्यंत आले. याहून वर येऊ शकते. त्या पुरात आपल्या गावचे हे तिघे गेले (नावे). ब्रह्मनाळच्या नावेतील १७ जणांची आठवण हे गाव ठेवते. काहिलीतून आणि बोटीतून माणसे काढणारे आपले (नावे). दुरून आलेले जवान. शाळेची चूल पेटती ठेवणाऱ्या सर्व. पाणी खालच्या रेघेला लागले की म्हातारी माणसे, लेकरे आणि जनावरे त्याच दिवशी हलवा. पुढच्या खेपेची वाट बघत थांबू नका.'

एवढंच. उद्घाटकांचं नाव हवंच असेल तर पत्रिकेवर छापा, ती रद्दीत जाते.

शेवटच्या दोन वाक्यांवर बाबा तुम्ही अडणार, मला माहीत आहे. 'फलकावर सूचना कशाला, ते काय बसस्थानक आहे?' असं म्हणाल. पण ती वाक्यं मी आधी तुमच्यासाठीच लिहिली आहेत. तुम्ही आता बहात्तरीचे, आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत आणि माळ्याला शिडी आहे. २०१९ ला त्या पोरांनी आईला शिडीवरून पाठुंगळी घेतलं, तेव्हा खाली छातीएवढं पाणी होतं. तो माणूस म्हशींसाठी मागं फिरला आणि राहिला. तुम्हीही म्हशींसाठीच मागं राहिला होतात, फरक एवढाच की तुमच्यापर्यंत बोट पोचली. २०२१ ला परत पाणी ५० च्या वर गेलं तेव्हाही तुम्ही 'बघू' म्हणून दोन दिवस काढलेत. कुणाच्या तरी पोराला तुमच्यासाठी पुन्हा त्या पाण्यात उतरावं लागलं तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू?

यंदा आयर्विनला ४० म्हटलं की निघायचं. दोघांनीही, आणि त्याच दिवशी. रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक, आईच्या गोळ्या आणि सातबारा त्या निळ्या डब्यात भरून दाराशी ठेवा, माळ्यावर नको. टेम्पोवाल्याचा नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय, त्याला पैसे मी इथून पाठवते.

विट्याच्या मावशीशी माझं बोलणं झालंय. तिकडं पाणी प्यायला मिळालं तरी नशीब, पुराची भीती नाही. तिच्या दावणीला दोन म्हशींची जागा आहे, पण वैरण आपली आपण आणायची, असं तिनं बजावलंय. आणि बाबा, तिच्या घरी राहिलात तर सकाळी सहाला मोठ्यानं बातम्या लावायच्या नाहीत, हेही.

तुमची,
ताई