अनुदान कोणत्या बँकेत गेलं, तेवढं तरी सांगा

मा. संपादक,
स. न.

नंदुरबार जिल्ह्यातल्या रखडलेल्या अनुदानाची बातमी कालच्या अंकात वाचली. ‘लाभार्थ्यांनी आधार बँक खात्याशी लिंक करून घ्यावे’ हे आवाहन तुम्ही ठळक चौकटीत छापलं आहे. असं आवाहन छापून आलं की दुसऱ्या दिवशी त्याच बाया, तीच झेरॉक्स घेऊन, त्याच शाखेच्या रांगेत उभ्या असतात. कारकून संगणकात बघतो आणि ‘लिंक आहे’ म्हणून परत पाठवतो. तो खोटं बोलत नाही. आधार त्या खात्याला जोडलेलं असतंच. पण पैसे कुठे पाठवायचे हे त्या शाखेत ठरत नाही, आणि हे त्या बायांना कोणी सांगत नाही.

ते ठरतं एनपीसीआय या देशभरातले बँक व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेकडे जायचे त्या यादीत. तिथे आधार क्रमांकासमोर खाते क्रमांक नसतो, फक्त बँकेची ओळख असते, आणि एका वेळी एकच बँक असते. चार बँकांत खाती असली, चारही ठिकाणी केवायसीला आधार दिलेलं असलं, तरी अनुदान जातं ते ज्या बँकेने मॅपरमध्ये सर्वांत शेवटी नोंद केली तिच्याकडे. त्या एकाच बँकेत दोन खाती असतील, एक जनधनचं आणि एक नंतर काढलेलं, तर कोणत्या खात्यात जमा करायचं ते बँकेच्या संगणकातली जोडणी ठरवते. म्हणून पासबुक भरून घेताना दोन्ही भरून घ्यावीत. निराधार योजनेचे पैसे पूर्वी तहसीलमधून खाते क्रमांकाच्या यादीने जायचे. आता तेही डीबीटीने, म्हणजे आधार क्रमांकावरून थेट बँकेत जातात, त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच पासबुकावर पैसे घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे पैसे एकाएकी ‘बंद’ झाले.

धडगावकडच्या पाड्यांवर हे कसं घडतं ते सांगतो. दिवाळी झाली की जोडपी कोयते घेऊन गुजरातेत, बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात. तिथे फडाजवळच्या टपरीवर नवं सिमकार्ड घेतलं की यंत्रावर एकदा अंगठा सिमसाठी लागतो. ‘अजून एकदा लावा’ म्हटलं की दुसरा अंगठा पेमेंट बँकेच्या, म्हणजे मोबाईलवरून चालणाऱ्या छोट्या बँकेच्या, खात्यासाठी लागतो. ‘सरकारी अनुदान याच खात्यात हवे’ या ओळीपुढची खूण दुकानदारच करून मोकळा होतो. बाईला ना पासबुक मिळतं ना कार्ड. मॅपरमध्ये मात्र तिची बँक बदललेली असते. होळीला घरी आल्यावर ती धडगावच्या शाखेत जाते, तिथे शेवटची नोंद कार्तिकातली. शाखा म्हणते तालुक्याला विचारा. तालुक्याचं कार्यालय म्हणतं, आमच्याकडून पैसे गेले, बँकेत विचारा. दोघांचंही कागदोपत्री खरं, आणि तिचे दर महिन्याचे १,५०० रुपये तिला माहीतच नसलेल्या खात्यात साचत राहतात.

हे नवीन नाही. २०१७ मध्ये देशभर अशाच प्रकारे सिमच्या आधार पडताळणीतून खाती उघडली गेली आणि लोकांची गॅस सबसिडी भलतीकडे वळली. त्यानंतर ग्राहकाची स्पष्ट संमती हवी, आधीच्या बँकेचं नाव हवं, असे नियम कडक झाले. कागदावरचे नियम चांगले आहेत, पण टपरीवर संमती म्हणजे अंगठा, आणि अंगठा तर सिमसाठीही लावला जातोच.

आता करायचं काय? आधी कार्यालयात एवढंच विचारावं की माझा हप्ता ‘यशस्वी’ दाखवतो की ‘अयशस्वी’. अयशस्वी असेल तर खातं बंद किंवा गोठलेलं आहे, नाहीतर मॅपरमधली नोंद निष्क्रिय आहे आणि रक्कम सरकारी विभागाकडे परत गेली आहे. यशस्वी असेल तर पैसे कुठेतरी जमा आहेत. कुठे, ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये (सीडिंग म्हणजे मॅपरमधली बँकेची नोंद) दिसतं: बँकेचं नाव, नोंद सक्रिय आहे का, शेवटचा बदल केव्हा झाला. त्याला आधारशी जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी लागतो आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, कारण तो क्रमांक कधीच बंद पडलेल्या सिमचा असतो. क्रमांक बदलायला आधार केंद्रावर जावं लागतं. पोस्टमनकडच्या यंत्रावरही हे काम होतं, पण गावात ते फार थोड्यांना माहीत आहे.

बँकेचं नाव कळलं की आधी साचलेले पैसे काढावेत. बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेचं काम करणाऱ्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर आपल्या नेहमीच्या बँकेऐवजी त्या पेमेंट बँकेचं नाव निवडून अंगठा लावला की शिल्लक दिसते. एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत निघतात. पावती घेतल्याशिवाय उठू नये. रक्कम वजा झाली आणि यंत्रावर व्यवहार पूर्ण झालाच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ती ५ दिवसांत परत यायला हवी, उशीर झाल्यास रोज १०० रुपये भरपाई. मग ज्या शाखेत पैसे हवेत तिथे आधार सीडिंगचा संमती अर्ज द्यावा, त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहावं आणि शिक्का मारलेली पोच घ्यावी. आधीच्या बँकेचा रकाना मोकळा राहिला की नोंद अडकते आणि कोणी कळवतही नाही. नुसतं ते पेमेंट बँकेचं खातं बंद करून भागत नाही. मॅपर तिकडेच बोट दाखवत राहतो आणि पुढचा हप्ता परत जातो.

दुसरा घोळ केवायसीचा. २०१४-१५ मध्ये उघडलेल्या जनधन खात्यांना १० वर्षं झाली, त्यामुळे पुन्हा केवायसी निघाली आणि खाती गोठली. पण दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून अनुदानाचं खातं निष्क्रिय करता येत नाही. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांत रिझर्व्ह बँकेने ते स्पष्ट सांगितलं आहे. केवायसीत काही बदल नसेल किंवा फक्त पत्ता बदलला असेल, तर बँक मित्राकडे स्वयंघोषणा देऊन काम व्हावं, अशीही तरतूद २०२५ मध्ये झाली आहे. मग मोलगी-तोरणमाळच्या माणसाला तालुक्याच्या गावी का बोलावता? गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर हप्त्यातलं काय उरतं?

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्या जिल्ह्यात तरी ही यंत्रणा लोकांना समजावून सांगायला हवी होती.

प्रशासनाकडे मागणी एवढीच आहे. हप्ता सोडल्यावर कोणत्या बँकेत गेला याची माहिती विभागाकडे परत येते. ती गावनिहाय काढून ग्रामसेवकाच्या आणि अंगणवाडी सेविकेच्या हातात द्या. खाते क्रमांक नको, आधार क्रमांक नको, फक्त नाव आणि बँक. निम्म्या चकरा तिथेच वाचतील. आणि शिबिरं पौष-माघात घेऊ नका, तेव्हा पाडे रिकामे असतात. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरतो त्या आठवड्यात, काठी गावची होळी असते तेव्हा सगळे गावी आलेले असतात. त्या बाजारात टेबल मांडा. टेबलावर बँकेचा माणूस, सीडिंगचे कोरे अर्ज, मोबाईल क्रमांक जोडणारं यंत्र आणि डोळ्यांचं स्कॅनर असू द्या, कारण ऊस तोडून आलेल्या हातांचे ठसे यंत्र घेत नाही.

ता. क. : बातमीसोबत पासबुक उघडून धरलेल्या आजींचा फोटो छापला आहे. त्यात खाते क्रमांक स्पष्ट वाचता येतो. ही आजी आता कोणाकोणाच्या फोनला उत्तरं देणार? ई-पेपरमधला तो फोटो आजच काढा.

आपला,
एक वाचक, तळोदा (जि. नंदुरबार)