बाबांना 'फाउल' देणारा मुलगा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, महिनाअखेरीला ब्युरोला सांगून बाबांना सांभाळणारा मुलगा बदलून घेऊ. मोठ्याने बोलतो, बाबांची थट्टा करतो, त्यांच्या नाट्यसंगीताच्या वेळेला स्वतःची गाणी लावतो. मी नुसतं 'बघू' म्हणाले. त्याच रात्री एक सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

सिनेमा फ्रेंच, २०११ सालचा, 'दि इन्टचेबल्स'. पॅरिसमधला गडगंज श्रीमंत फिलीप पॅराग्लायडिंगच्या अपघातात मानेखाली पूर्ण लुळा पडलाय. बुद्धी आणि जीभ तेवढी शाबूत. त्याला सांभाळायला माणूस हवाय. मुलाखतीला एकेक जण गोड गोड उत्तरं तयार करून येतो. मग येतो द्रिस, मूळचा सेनेगलचा, शहराबाहेरच्या वस्तीत वाढलेला, नुकताच तुरुंगातून सुटलेला. त्याला नोकरी नकोच आहे. नोकरी मागितली पण मिळाली नाही, एवढी सही कागदावर हवी आहे, म्हणजे बेकारभत्ता चालू राहील. फिलीप त्यालाच ठेवून घेतो.

बाबा, एक प्रसंग तुमच्यासाठी लिहिते. फिलीपचा मित्र त्याला बजावतो की असल्या पोरांना दयामाया नसते, जपून राहा. फिलीप म्हणतो, मला तेच हवंय. हा मला फोन आला की फोन हातात द्यायला जातो, कारण माझे हात चालत नाहीत हे तो विसरतो. मी तिथे सिनेमा थांबवला. गणपतीत घरी आले होते तेव्हा तुमचा डावा हात अगदी ठीक असताना मी चहाचा कप तुमच्या ओठांना लावत होते. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसते खिडकीकडे बघत राहिलात. आणि त्याच संध्याकाळी तो मुलगा तुमच्यासमोर कॅरम मांडून बसला होता. डाव्या हाताने मारलेला स्ट्रायकर घरंगळत भोकात गेला, तर लगेच "काका, फाउल! सोंगटी परत ठेवा." माझा जीव कळवळला होता. तुम्ही मात्र त्याच्याशी भांडलात. दोन वर्षांत इतका चढा आवाज मी तुमच्या तोंडून ऐकला नव्हता.

सिनेमात अशी भांडणं भरपूर आहेत आणि हसून हसून पुरेवाट होते. फिलीपच्या वाढदिवसाला घरात वाद्यवृंद बसतो. तो कौतुकाने एकेक रचना ऐकवतो, तर एक धून ऐकून द्रिस म्हणतो, ही तर बेकारी कचेरीला फोन केला की वाजते! मग तो स्वतःची गाणी लावून नाचायला लागतो, आणि हळूहळू घरातली सगळी माणसं नाचायला लागतात. फिलीप खुर्चीतून बघत असतो. फ्रान्स्वा क्लुझे या नटाला अख्ख्या सिनेमात फक्त चेहरा वापरायला मिळालाय, आणि त्या क्षणी त्या चेहऱ्यावर जे उजळत जातं ते मला शब्दांत नाही सांगता येत. द्रिस झालेल्या ओमार सीला २०१२ चा सीझर हा फ्रान्सचा मानाचा सिनेपुरस्कार मिळाला, तो रास्तच; पण माझं मन क्लुझेवर जास्त जडलं.

एक गोष्ट खटकली, तीही सांगते. द्रिसच्या घरची कथा घाईत उरकली आहे. साफसफाईची कामं करणारी त्याची मावशी, छोट्या घरातली ढीगभर पोरं, हे दिसतं आणि मागे पडतं. ते आणखी हवं होतं. आपल्याकडे येणाऱ्या मुलाच्या घरी कोण कोण आहे, आई, तू विचारलंस का कधी? मीही विचारलं नाही.

आणि ही खऱ्या माणसांची गोष्ट आहे. फिलीप पोझ्झो दी बोर्गो यांचा अपघात १९९३ मध्ये झाला, आणि त्यांना सांभाळणारा अब्देल सेलू मूळचा अल्जीरियाचा. शेवटी ते दोघे पडद्यावर दिसतात. फिलीप २०२३ मध्ये गेले, तोवर त्यांची मैत्री टिकली होती.

आई, तुझं दुखणंही मला कळतं. दिवसभर घरात परका माणूस, स्वयंपाकघरापर्यंत त्याचा आवाज, दुपारी पाठ टेकायची सोय नाही. त्याला दुपारचे दोन तास शांत बसायला सांगू, मी स्वतः बोलते. पण त्याला बदलू नका. आधीचा मुलगा किती अदबीने वागायचा, आणि त्या चार महिन्यांत बाबा कितीदा हसले ते आठव.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. लॅपटॉप आणते. अक्षरं भराभर पळतात, म्हणून संवाद मी शेजारी बसून मराठीत सांगत जाईन. त्या मुलाला रात्री जेवायलाच थांबव, सिनेमा त्यालाही दाखवायचाय. आणि बाबा, कॅरमची पावडर संपली असेल तर कळवा, येताना घेऊन येईन.

तुमची,
लेक